मनाचा वैद्य शोधताना

मराठीत भीतीचे शब्द पुष्कळ आहेत. धाक वेगळा, धास्ती वेगळी, धडकी वेगळी. काळजात धस्स होणे हे क्षणापुरते असते, तर हाय खाणे माणसाला आतून पोखरते. या सर्वांहून निराळा शब्द म्हणजे ‘धसका’. एखाद्या प्रसंगाचा धसका घेतला म्हणजे प्रसंग सरला तरी त्या माणसापुरता तो सरत नाही. आमच्या आज्या-पणज्यांना हे पक्के ठाऊक होते. या धसक्यावर इलाज असतो, तो करणारी शिकलेली माणसे असतात आणि ती शोधावी लागतात, एवढेच त्यांना ठाऊक नव्हते. खरे सांगायचे तर २०१९ सालापर्यंत आम्हालाही ते ठाऊक नव्हते.

प्रस्तुत लेखातील हकीकत माझ्या धाकट्या जावेची आहे. तिच्या संमतीवाचून मी एक ओळही लिहिली नसती. तिने हस्तलिखित वाचले, दोन ठिकाणी मला दुरुस्त केले आणि म्हणाली, “वहिनी, नाव नका घालू, बाकी सगळं घाला.” तेव्हा नाव घातलेले नाही.

आम्ही इंदूरचे. सासरची पाचवी पिढी इथे नांदते आहे. जाऊ मात्र सांगलीकडची. लग्न होऊन आली तेव्हा तिला हिंदीचा गंध नव्हता, आणि पुढे वीस वर्षांत ती जी हिंदी शिकली ती भाजीवाल्यापुरती आणि पेटी शिकायला येणाऱ्या मुलांच्या आयांपुरती. जानेवारी २०१९ मध्ये ती, आमचे भाऊजी आणि माहेरच्या दोन पाहुण्या अशी मंडळी महेश्वरला गेली होती. नेहमीचाच भाड्याचा गाडीवाला होता. पंचविशीचा, हसतमुख मुलगा. दुपारीच परतायचे ठरले होते. पण घाटावर बसल्यावर जाऊ म्हणाली, आता नर्मदेची आरती पाहूनच निघू. निघायला अंधार झाला. मानपूरच्या घाटात समोरून आलेला मालट्रक आपली बाजू सोडून गाडीवर आला. गाडीवाला जागच्या जागी गेला. जावेचा हात मोडला, भाऊजींच्या बरगड्यांना मार बसला, पाहुण्या खरचटण्यावर सुटल्या.

हात सहा आठवड्यांत जुळला. प्लॅस्टर निघाले त्या दिवशी घरात शिरा झाला. आम्हा सर्वांच्या मते प्रकरण तिथे मिटले होते.

ते मिटले नसल्याचे हळूहळू ध्यानात येऊ लागले. रस्त्यावर मोठ्या गाडीचा भोंगा वाजला की ती हातातले काम टाकून भिंतीला टेकायची. रात्री दोन-अडीचला उठून बसायची; अंगाला घाम, छातीत धडधड. पेटीची शिकवणी तिने बंद केली. आधी रिक्षात बसणे सोडले, मग देवळात जाणे, मग दाराबाहेरच पडणे. सासूबाईंनी दृष्ट काढली, अंगारा लावला. मी स्वतः, आता लाज वाटते, पण तिला एकदा म्हणाले, “अगं, तुझं काय एवढं? ज्याच्या घरचा गेला त्यांचा विचार कर.” ती काही बोलली नाही. त्या वाक्याने मी तिच्या दुखण्यावर नेमके बोट ठेवले होते, हे मला आठ-नऊ महिन्यांनी समजले.

प्रथम आम्ही गेलो ते हृदयाच्या डॉक्टरांकडे. बहुतेक कुटुंबे तिथेच जातात, आणि त्यात गैर काही नाही. छातीतली धडधड, थायरॉईड, रक्तातील हिमोग्लोबिन हे आधी तपासून घ्यावेच. सर्व अहवाल चांगले निघाले. मग एका ओळखीच्या डॉक्टरांनी झोपेची गोळी लिहून दिली. गोळीने झोप लागली. पण महिन्याभरात एका गोळीच्या दोन झाल्या, आणि एक रात्र गोळी संपली तर हातपाय थरथरू लागले. या जातीच्या गोळ्यांची सवय लागते. त्या थोड्या दिवसांपुरत्याच घ्यायच्या असतात, आणि पुष्कळ दिवस घेतल्यावर एकाएकी बंदही करायच्या नसतात, हे त्या डॉक्टरांनी सांगायला हवे होते. ते त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतरचा अनुभव याहून वाईट. कोणीतरी एका समुपदेशकांचे नाव सुचवले. पाटीवर चार-पाच पदव्यांची आद्याक्षरे होती. त्यांतील बहुतेक पंधरा दिवसांच्या अभ्यासवर्गांची निघाली. पहिल्याच बैठकीत त्यांनी जावेला डोळे मिटायला लावून त्या रात्रीची सगळी हकीकत, बारीकसारीक तपशिलासह, एका दमात सांगायला लावली. तास संपला तेव्हा ती थरथरत होती. “मन मोकळे झाले, आता बरे वाटेल,” असे सांगून त्यांनी तिला घरी पाठवले. ती पुढे तीन रात्री झोपली नाही. आठवणींना सामोरे जाणे हा उपचाराचा भाग असतो, पण त्याआधी माणसाला स्वतःला सावरण्याचे साधन हाती द्यावे लागते. पोहायला शिकवण्याआधी डोहात ढकलून चालत नाही. जाऊ तर म्हणालीच, “आता कुणाकडे नको. मला अशीच राहू द्या.” पहिला उपचारक चुकीचा भेटला की पुढची सगळी दारे बंद झाल्यासारखी वाटतात, आणि माझ्या मते या शोधातला खरा धोका हाच.

या दारांवरच्या पाट्या वाचायला आम्ही तेव्हा शिकलो. मनोविकारतज्ज्ञ, ज्यांना इकडे सायकिॲट्रिस्ट म्हणतात, ते आधी एम.बी.बी.एस. आणि नंतर मनोविकारशास्त्रात एम.डी. वगैरे केलेले डॉक्टर. औषध लिहून देण्याचा अधिकार त्यांचा. दुसरे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. ते औषध देत नाहीत. बोलण्यातून, सरावातून, ठरलेल्या पद्धतीने उपचार करतात. आज काम करणाऱ्या अशा व्यक्तींपैकी बहुतेकांनी एम.ए. नंतर रुग्णालयात राहून दोन वर्षांची एम.फिल. केलेली असते, आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली आहे. नोंदणीचा क्रमांक विचारण्यात काहीही अपमान नाही. चांगला उपचारक तो आनंदाने सांगतो. तिसरे समुपदेशक. यांत फार चांगली, अनुभवी माणसे आहेत. पण हा शब्द पाटीवर कोणीही लावतो, म्हणून इथे चौकशी अधिक करायची.

आणि चौकशी करायची ती आमच्याप्रमाणे ‘फी किती?’ एवढीच नव्हे. अपघाताच्या किंवा हिंसेच्या धसक्यावर तुम्ही पूर्वी काम केले आहे का? कोणत्या पद्धतीने? साधारण किती बैठका लागतील? मध्येच त्रास वाढला तर काय करायचे? पहिल्या भेटीत हे चार प्रश्न विचारले तर उत्तरांवरून पुष्कळ कळते. “दोन बैठकांत पूर्ण बरे करतो” म्हणणारा आणि “किती लागतील ते विचारू नका” म्हणणारा, दोघांनाही दुरून नमस्कार करावा.

या दुखण्याला वैद्यकात स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० साली, अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसूचीत. पहिल्या महायुद्धात खंदकांतून परतलेल्या सैनिकांची अशी अवस्था पाहून तिला ‘शेल शॉक’ म्हटले गेले होते. पुष्कळांना त्या काळी भेकड ठरवण्यात आले. महूच्या छावणीपासून कोसाकोसावर राहणाऱ्या आम्हा लोकांत तरी हा विषय सैनिकांचाच समजला जाई. प्रत्यक्षात अपघात, पूर, भूकंप, घरातील मारहाण, लहानपणचा अत्याचार, कठीण बाळंतपण, अतिदक्षता विभागात काढलेले दिवस, यांपैकी कशानेही ते जडू शकते. हेही सांगितले पाहिजे की, असा प्रसंग ओढवलेल्या बहुतेकांना ते जडत नाही. पहिल्या काही आठवड्यांतली घाबरगुंडी आपोआप ओसरते. महिना उलटूनही स्वप्ने, दचकणे, टाळाटाळ आणि झोपमोड कायम राहिली, किंवा वाढली, तर मात्र वाट पाहू नये. आम्ही आठ महिने पाहिली.

सप्टेंबरात भाऊजींनी कुणालाही न विचारता एका मनोविकारतज्ज्ञांची वेळ घेतली. घरात वादळ झाले. “आमच्या घरात कुणी वेडं नाही,” हे सासूबाईंचे वाक्य. प्रत्येक प्रांताची या बाबतीत एक थट्टा ठरलेली असते आणि तीत एका गावाचे नाव असते. महाराष्ट्रात येरवडा नाहीतर ठाणे, हैदराबादेत एर्रगड्डा, आमच्या इकडे आग्रा. ‘याला आग्र्याला पाठवा’ हे वाक्य लहानपणापासून ऐकलेल्या माणसाला मनाच्या डॉक्टरची पायरी चढताना पाय जड वाटणारच. त्या डॉक्टरांनी जावेला फारसे बोलायला न लावता आधी झोपेची गोळी हळूहळू उतरवण्याचा तक्ता करून दिला, एक दुसरे औषध सुरू केले, आणि स्पष्ट सांगितले की, या औषधाचा गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सवय लागत नाही, पण विचारल्याशिवाय बंद करायचे नाही. “औषधाने आवाज कमी होईल,” ते म्हणाले, “पण काम तुम्हाला एका मानसशास्त्रज्ञ बाईंबरोबर करायचे आहे.”

या बाई हिंदी भाषिक, माळव्यातल्याच. जावेच्या तोडक्यामोडक्या हिंदीत बैठका सुरू झाल्या. पहिल्या तीन बैठकांत अपघाताचा विषय निघालाच नाही; श्वास कसा घ्यायचा, भोंगा वाजल्यावर पायाखालची फरशी कशी जाणवून घ्यायची, आजूबाजूच्या पाच वस्तूंची नावे कशी मोजायची, एवढेच. जाऊ घरी येऊन सांगे, “काही करतच नाहीत हो त्या!” पण ती पुढच्या बुधवारी तयार होऊन बसे.

पुढे गाडी अडली ती भाषेच्या घाटात. जाऊ पुनःपुन्हा म्हणे, “मुझे शिक्षा मिली है.” हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. बाईंना वाटे, या प्रसंगातून आपण काही शिकलो असे ही म्हणते आहे. त्या मान डोलवत, त्याला चांगले लक्षण समजत. जवळजवळ महिना असा गेला. एके दिवशी बाईंनी विचारले, “बताइए, क्या सीखा आपने?” जाऊ चकित झाली. मग रडू लागली आणि हिंदी सोडून सरळ मराठीत बोलली, “मी थांबवलं सगळ्यांना. मी आरतीला थांबा म्हटलं म्हणून तो पोरगा गेला. त्याची शिक्षा आहे ही मला.” बाईंना सगळे शब्द कळले नाहीत, पण अर्थ कळला. त्यांनी तिथेच एक नियम घातला: जिथे हिंदी अडेल तिथे मराठीत बोलायचे, आणि मग दोघींनी मिळून त्याचा अर्थ लावायचा.

आपल्यासारख्या, पिढ्यान्‌पिढ्या परभाषेत व्यवहार करणाऱ्या घरांनी हा मुद्दा नीट ध्यानात घ्यावा असे मला वाटते. बाजारात आपण हिंदी बोलतो, गुजराती बोलतो, कानडी-तेलुगू बोलतो आणि फार छान बोलतो. पण धसका ज्या भाषेत बसतो ती बहुधा आईची भाषा असते. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्या बाईसाठी, नव्या सुनेसाठी उपचारक शोधताना भाषेची चौकशी अवश्य करावी. आम्ही नंतर पुण्याच्या एका मराठी मानसशास्त्रज्ञांचा पत्ता मिळवला. दूरध्वनीवरून बैठका घ्यायला ते तयार होते. जाऊच नको म्हणाली. “या बाईंना माझी शिक्षा कळली आहे. आता पुन्हा पहिल्यापासून कुणाला सांगू?” तिचे बरोबर होते. पद्धत कोणतीही असो, उपचारकाविषयी वाटणारा भरवसा हा गुण येण्यातला मोठा वाटा असतो, असे या विषयाचे अभ्यासकही सांगतात. भाषा महत्त्वाची, पण ज्या माणसाजवळ पहिल्यांदा रडता आले ते माणूस त्याहून सोडवत नाही.

त्यानंतरच्या एका बैठकीत बाईंनी कागदावर एक मोठे वर्तुळ काढले. जाऊ घरी येऊन म्हणाली, “आज त्यांनी भाकरी काढली.” अपघाताला जे जे कारण झाले त्या प्रत्येकाला त्या भाकरीचा तुकडा द्यायचा, आणि स्वतःचा तुकडा सर्वांत शेवटी कापायचा. ट्रकचा वेग, ट्रकने बाजू सोडणे, घाटातले वळण, अंधार, रस्त्यावर दिवे नसणे, सर्वांनी मिळून थांबायला दिलेला होकार. एवढे वाटून झाल्यावर आरतीसाठी उरला तो बोटभर तुकडा. तो तिने टाकून दिला नाही. बाईंनीही टाक म्हटले नाही. पण आख्खी भाकरी आपली नव्हे, हे तिने आपल्या हाताने कापून पाहिले.

मग सराव. कशाची किती भीती वाटते त्याला शून्य ते शंभर असे गुण द्यायचे आणि खालच्या पायरीपासून चढत जायचे. दारात उभ्या असलेल्या, बंद गाडीत बसणे, तीस. गल्लीच्या टोकापर्यंत जाणे, पंचेचाळीस. मानपूरचा घाट, शंभर. प्रत्येक पायरीवर भीती आपणहून ओसरेपर्यंत थांबायचे. मध्येच पळ काढला तर मन समजते की, पळालो म्हणूनच वाचलो. हे चालू असतानाच मार्च २०२० ची टाळेबंदी आली. बैठका दूरध्वनीवर सुरू झाल्या. रस्त्यावर गाड्याच नव्हत्या, तेव्हा भाऊजींनी ट्रकच्या भोंग्याचा आवाज कुठूनसा मिळवला आणि जाऊ रोज दुपारी स्वयंपाकघरात बसून तो ऐके. आधी हळू, मग मोठ्याने. सासूबाई वैतागत, पण एके दिवशी त्याच म्हणाल्या, “आज मोठ्यानं लाव गं, काल ती दचकली नाही.”

एकंदर बावीस बैठका झाल्या. या उपचाराला साधारणपणे आठ ते बारा पुरतात. आमच्याकडे टाळेबंदीचा खंड पडला, भाषेचा महिना वाया गेला. औषध पुढे डॉक्टरांनी उतरवत उतरवत बंद केले.

डिसेंबर २०२० मध्ये तिने स्वतः सांगितले की, गाडीवाल्याच्या आईला भेटायचे आहे. मी बरोबर गेले. राऊच्या पुढे लहानसे घर होते. जावेने हिंदीत जुळवून ठेवलेली वाक्ये तिला आठवेनात, ती फक्त म्हणाली, “माँ, मैंने रुकवाया था.” म्हातारीने बराच वेळ तिच्याकडे पाहिले. मग म्हणाली, “वो तो रोज रात को ही चलाता था, बेटी.” चहा आला. परतताना जाऊ रस्ताभर बोलली नाही, पण तिने डोळेही मिटले नाहीत.

ज्यांच्या घरात असा शोध सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी चार गोष्टी. खाजगी बैठकीची फी परवडत नसेल तर सरकारी दार आहे, आणि ते आपल्या बहुतेक गावांत किंवा जवळपास आहे: इंदूरला बाणगंगेचे मानसिक रुग्णालय, ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाला, बडोद्यास करेलीबागेतील रुग्णालय, हैदराबादेत एर्रगड्ड्याची संस्था, गोव्यात बांबोळीची, आणि बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स. नावे ऐकून दचकू नये. तिथल्या बाह्यरुग्ण विभागात रोज येणाऱ्यांत झोप न येणारी, छाती धडधडणारी, आपल्यासारखीच माणसे असतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतही हा विभाग असतो. घराबाहेर पडणेच अशक्य असेल तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे; १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र, विनामूल्य चालते आणि मराठीतही बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार कोणी बोलून दाखवले, तर बैठकीच्या तारखेची वाट न पाहता त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

कायद्याचीही थोडी साथ आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला. त्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे उपचारकावर बंधनकारक आहे, आणि विमा कंपन्यांनी मनाच्या आजारांना शरीराच्या आजारांच्याच पंक्तीला बसवायचे आहे. गुप्ततेचे कलम आपल्या एकत्र कुटुंबांना जड जाते, हे मी अनुभवाने सांगते. “आज काय बोललात?” हा प्रश्न सासूबाईंनी, भाऊजींनी आणि मी, तिघांनीही पहिल्या दोन महिन्यांत विचारला. बाईंनी आम्हाला एकदा बोलावून गोडीने सांगितले की, विचारायचे नाही. ती सांगेल तेवढे ऐकायचे.

आणि हा रोग फक्त आपल्या घरी आला, असे तर मुळीच समजू नये. २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी झाली. मध्य प्रदेश आणि गुजरात त्यांत होते. पाहणीच्या वेळी प्रौढांपैकी सुमारे १०.६ टक्के लोकांना कोणता ना कोणता मनोविकार होता, आणि बहुतेक विकारांत दहांपैकी सातांहून अधिक रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते.

जावेची पेटी पुन्हा सुरू आहे. सध्या सात मुले येतात. रिक्षा, बस, मोटार, सगळ्यांत बसते. पुढच्या आसनावर मात्र बसत नाही, आणि जानेवारीत पंधरा दिवस तिची झोप थोडी बिघडते. तेव्हा ती आपण होऊन बाईंची एक वेळ घेते. महेश्वरला आम्ही आता सकाळी जातो, नर्मदेत पाय बुडवतो, अहिल्यादेवींच्या वाड्यात बसतो आणि जेवायच्या आत घरी परततो. आरतीपर्यंत थांबण्याचा आग्रह कोणी करीत नाही.